साताऱ्यातला ऱ आणि राणोजी आरू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या अंकात दोन गोष्टी एकाच दिवशी आल्या, म्हणून हे पत्र. पुरवणीत मराठी छपाईच्या इतिहासावर अर्धं पान लेख होता. आणि मुख्य अंकाच्या तिसऱ्या पानावर मथळा होता: ‘सातार्यातील दर्यांमधल्या वस्त्या तहानलेल्या’.

माझा डावा डोळा आता नुसता शोभेला आहे, म्हणून सकाळचा पेपर नात वाचून दाखवते. ती ‘सातार्यातील’पाशी अडखळली, पण गावाचं नाव ओळखीचं, म्हणून पुढे गेली. ‘दर्यांमधल्या’पाशी मात्र थांबली आणि म्हणाली, “आजोबा, समुद्रातल्या वस्तीला पाणी नाही?” मला हसू आलं, आणि नंतर रागही आला. दर्या म्हणजे समुद्र. तहानलेल्या आहेत त्या जावळी-पाटणकडच्या दऱ्या. साताऱ्यात समुद्र यायला अजून अवकाश आहे.

मी जुळारी, म्हणजे शिशाची अक्षरं हातानं जुळवून छपाईचा मजकूर उभा करणारा. म्हणजे होतो. १९६३ साली सातवी झाल्यावर इथल्याच एका छापखान्यात झाडलोट करायला लागलो, दोन वर्षांनी केसवर, म्हणजे अक्षरांच्या खणांच्या पेटीसमोर, उभा राहिलो, आणि १९९४ साली मालकांनी खिळे किलोवर भंगारात घातले तोवर तिथेच होतो. लग्नपत्रिका, शाळांचे पेपर, सहकारी सोसायट्यांचे अहवाल, निवडणुकीची हँडबिलं, दिवाळी अंक, सगळं जुळवलं. तेव्हा अक्षराबद्दल बोलण्याचा थोडा हक्क मला आहे असं मी धरून चालतो.

आजच्या मुलांना खिळा म्हटलं की भिंतीतला आठवतो. आमचा खिळा म्हणजे शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा ओतलेला चौकोनी तुकडा. उंची ०.९१८ इंच, डोक्यावर उलटं अक्षर. इंग्रजीवाल्याचं सव्वीस लहान, सव्वीस मोठ्या अक्षरांत आणि थोड्या चिन्हांत भागतं. मराठीच्या केसांमध्ये चारशेच्या पुढे खण. समोर दोन केसा, डाव्या-उजव्या हाताला एकेक, मधे जुळारी उभा. नवरा मुलगा मांडवात उभा राहतो तसा, फक्त बारा तास. अर्धा क वेगळा, अख्खा क वेगळा, क्ष वेगळा, रफार वेगळा, रफाराबरोबर अनुस्वार असेल तर तो आणखी वेगळा. पहिल्या वर्षी खण पाठ करायचे. डोळे मिटून हात ‘ळ’वर गेला पाहिजे. चुकला की उस्ताद बोटांवर पट्टी मारायचे. स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची हातातली पट्टी, भरली की ओळी गॅलीत, म्हणजे लांबट तबकात, उतरवायच्या, सुतळीनं बांधायच्या, प्रूफ काढायचं, दुरुस्त करायचं आणि जुळवलेल्या पानांचा फर्मा ट्रेडलवर, म्हणजे पायानं चालवायच्या छपाईयंत्रावर, चढवायचा. छपाई संपली की प्रत्येक खिळा परत आपापल्या खणात. एक जरी चुकीच्या खणात पडला, तरी पुढच्या कामात तो आपलं डोकं वर काढणारच. शिसं अंगात राहू नये म्हणून मालक शनिवारी गुळाचा खडा द्यायचे. त्यानं काय होत होतं देव जाणे, पण गूळ चांगला असायचा.

त्या चारशे खणांतला एक खण होता या ऱचा. दऱ्या, साताऱ्यात, येणाऱ्या, बिचाऱ्या यांतला. आमच्या छापखान्यात त्याला कोयता म्हणायचे, कारण दिसतो तसा. तो रफार नव्हे. ‘सूर्य’ म्हणताना र पुढच्या अक्षरावर आदळतो, तिथे रफार. ‘दऱ्या’ म्हणताना र हलकेच य मध्ये मिसळतो, आघात होत नाही, तिथे कोयता. सूर्य आणि दऱ्या तोंडानं म्हणून पाहा, जिभेला फरक कळतो. हिंदीला तो लागत नाही. मराठीला लागतो, नेपाळीला लागतो. मराठीला तर पावलोपावली. वऱ्हाड, कऱ्हाड, कुऱ्हाड, गिऱ्हाईक, तऱ्हा. शिवाय करणाऱ्या, जाणाऱ्या, देणाऱ्या अशी विशेषणं तर प्रत्येक परिच्छेदात दोन-चार असायचीच.

आणि साताऱ्याचं तर काय सांगू! पुणेकराचं ‘पुण्यात’ म्हटलं की भागतं, कोल्हापूरकराचं ‘कोल्हापुरात’ म्हटलं की भागतं. आम्हाला गावाला विभक्ती लावायची तर कोयता काढल्यावाचून गत्यंतर नाही. साताऱ्यात, साताऱ्याला, साताऱ्याहून. इथल्या छापखान्यांना फौंट, म्हणजे एका आकाराच्या खिळ्यांचा संच, मागवताना या खिळ्याची जादा मागणी लिहावी लागायची. तरी ते कमी पडायचे. १९७१ च्या निवडणुकीत एका उमेदवाराचं पत्रक आलं, मजकूर सगळा ‘साताऱ्यातील कष्ट करणाऱ्या, घाम गाळणाऱ्या, उपाशी राहणाऱ्या’ अशा थाटाचा. दुसऱ्या स्टिकलाच कोयत्यांचा खण रिकामा. उस्तादांनी मला रस्त्यापलीकडच्या छापखान्यात पाठवलं. ते आमचे प्रतिस्पर्धी, एरवी बघून न बघितल्यासारखं करायचे. पण खिळ्यांची उसनवारी चालायची. त्यांच्या फोरमननं काडेपेटीत मोजून चाळीस कोयते घातले आणि वहीत लिहून ठेवले. काम झाल्यावर परत केले तर एक कमी भरला. तो ट्रेडलखाली सापडेपर्यंत मला घरी सोडलं नाही.

हे झालं मथळ्याचं. आता पुरवणीतल्या लेखाकडे येतो.

लेख चांगला होता, उगाच नावं ठेवणार नाही. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावरून, छापलेलं पंचांग त्यात आलं. शाईत चरबी असते म्हणून छापील पोथी विटाळ मानणाऱ्या मंडळींसाठी त्यांनी तुपाची शाई केल्याची गोष्टही आली. जावजी दादाजी आले, त्यांचा निर्णयसागर छापखाना आला. पण लेख वाचून असं वाटतं की यांनी छापखाने काढले आणि अक्षरं आभाळातून पडली. अक्षरं कोरली कुणी? त्यातलं एक नाव निदान मला माहीत आहे आणि ते लेखात नव्हतं. राणोजी रावजी आरू.

जावजींचा जन्म १८३९ चा, मुंबईतला. वडील लहानपणीच गेले. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास पोर अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायला लागलं, महिना दोन रुपये पगारावर. गणपत कृष्णाजीही त्याच छापखान्यातून बाहेर पडलेले, आणि मराठी अक्षरांचे पंच, म्हणजे खिळ्यांचे मूळ पोलादी ठसे, कोरणारा टॉमस ग्रॅहमही तिथलाच. खिळे घासणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच कळतं. साच्यातून निघालेल्या खिळ्याच्या कडांना धातूची कुसं राहतात. ती काढून अंग सपाट करायचं, नाहीतर ओळ सरळ बसत नाही. बोटांची साल निघते. असं करत करत जावजी पुढे दुसऱ्या छापखान्यांत शिकले आणि १८६४ साली त्यांनी स्वतःची टाइप फौंड्री काढली. तिथे पंच कोरायला होते त्यांचे स्नेही राणोजी आरू. १८६९ साली निर्णयसागर छापखाना उभा राहिला. पुढची कीर्ती सगळ्यांना ठाऊक आहे. संस्कृतची ‘काव्यमाला’ १८८६ पासून निघू लागली, जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब तिचे संपादक. परदेशातल्या संस्कृत पंडितांच्या तळटिपांतही निर्णयसागर प्रतीचा हवाला असतो. जावजी १८९२ साली गेले.

माझ्याकडे निर्णयसागरचा एक जुना अमरकोश आहे. पाठ फाटलेला, वाळवीनं कडा खाल्लेल्या, आमच्या मालकांच्या वडिलांचा. छापखाना मोडला तेव्हा तो मी मागून घेतला. पहिल्या पानावर ग्रंथाचं नाव, शोधकाचं नाव, आणि खाली मुंबईतल्या निर्णयसागर छापखान्याचं. ज्याच्या हातचं अक्षर त्या पानावर उभं आहे त्याचं नाव कुठेही नाही. हा नियमच होता म्हणा. पण अक्षर बघा. क चं पोट आणि त्याचा कान यांच्यातली जागा, श ची गाठ, ल च्या दोन पाकळ्या, लहान आकारातसुद्धा न बुजलेली ‘द्ध’ ची फट. भिंगातून बघितलं की मला अजूनही हेवा वाटतो.

पंच कोरणं मी स्वतः केलेलं नाही, पण उस्तादांनी तरुणपणी मुंबईच्या एका फौंड्रीत पाहिलेलं होतं आणि ते दुपारी जेवणाच्या सुट्टीत सांगायचे. बोटभर लांबीची पोलादी कांडी घ्यायची, तापवून नरम करायची. तिच्या टोकावर अक्षर उलटं आखायचं. अक्षराच्या आतल्या पोकळ्या आधी, बाहेरचा आकार नंतर. कानस, कोरणी, पुन्हा कानस. मधेच कांडीचं टोक दिव्याच्या ज्योतीवर धरून काजळी बसवायची आणि कागदावर दाबून बघायचं, हा काजळी ठसा. जाडी केसाएवढी चुकली तर पुन्हा कानस, आणि जास्त घासलं गेलं तर कांडी टाकून नवी. मनासारखं झालं की तापवून पाण्यात बुडवायचं, पोलाद कडक होतं. मग तो पंच तांब्याच्या तुकड्यावर ठोकायचा, त्यात अक्षराचा खोलगट ठसा उमटतो. त्याला मातृका म्हणतात. अक्षरांची आई. ती साच्यात बसवून धातू ओतला की खिळा. एका आकाराच्या फौंटाला अशा चारशेहून जास्त मातृका. फौंट लहान केला तर सगळे पंच पुन्हा नव्यानं.

कोयत्यासाठीही तसंच. आवाज एवढासा, पण मराठी फौंट पाडायचा म्हटलं की कुणाला तरी पोलादावर बसून तो कोरावाच लागला. मला ते किती अवघड असेल याचा अंदाज एकदाच आला. दिवाळी अंकाचं काम होतं, मथळ्याच्या मोठ्या आकारात एकही कोयता शिल्लक नव्हता आणि पलीकडच्या छापखान्याशी त्या महिन्यात भांडण चालू होतं. उस्ताद म्हणाले, एखादं मोडकं मोठं अक्षर घे आणि त्याच्या माथ्यावरून कोर. मी दुपारभर चाकू आणि सुई घेऊन बसलो. शिसं मऊ, तरी हात थरथरत होता. जे झालं ते छापलं. ‘वाऱ्यावर’ या शब्दात तो कोयता नव्हता, मेलेली गोम होती. अंकाच्या संपादकांनी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मी शिशात एक केला तर ही गत. राणोजींनी पोलादात शेकडो अक्षरं कोरली.

आपला लेख वाचताना मला आणखी एक सुचलं, तेही लिहून टाकतो. या कामात पहिल्यापासून बघितलं तर सगळे घणाचे, ऐरणीचे आणि कानशीचे लोक आहेत. तिकडे बंगालात पंचानन कर्मकार. नावातच लोहार. ईस्ट इंडिया कंपनीतल्या चार्ल्स विल्किन्सबरोबर त्यानं बंगाली अक्षरं केली, ती १७७८ च्या हॅल्हेडच्या बंगाली व्याकरणात छापली गेली. पुढे तो बंगालातल्याच श्रीरामपूरला विल्यम कॅरी या मिशनऱ्याकडे गेला आणि तिथे नागरीचे खिळे झाले. त्याच श्रीरामपुरात १८०५ साली कॅरीचं मराठी व्याकरण छापलं गेलं. १८१० साली तिथेच त्याचा मराठी कोशही निघाला, तो मोडी खिळ्यांत. मराठीचं छापील अक्षर असं हुगळीकाठच्या लोहाराच्या हातून आलेलं आहे. इकडे नाना फडणीसांनी तांब्याच्या पत्र्यावर गीता कोरायला घेतली होती. नाना गेले, काम करणारा कारागीर मिरजेला पटवर्धनांकडे गेला आणि १८०५ साली ती गीता तिथे छापली गेली. तोही तांब्यावर काम करणारा माणूस. पुढे मुंबईचे शंकर आबाजी भिसे यांनी तर खिळे ओतायचं यंत्रच शोधलं आणि त्यापायी इंग्लंड-अमेरिकेत आयुष्य घातलं. टिळकांनी खणांची संख्या दोनशेच्या आत आणण्याची खटपट केली. त्यांच्या बाजूनं बरोबरच होतं, वर्तमानपत्राला घाई असते. पण जुळाऱ्याला विचाराल तर तोडलेलं जोडाक्षर वाचताना दातात खडा आल्यासारखं होतं. एवढं म्हणून टिळकांचा विषय सोडतो, साताऱ्यात त्यावरून भांडणं होतात.

यांत पंचाननचं नाव शिल्लक आहे, कारण साहेबाच्या कागदपत्रांत ते आलं. राणोजींचं आहे, कारण जावजींच्या चरित्राबरोबर ते आलं. निदान जेवढी नावं शिल्लक आहेत तेवढी तरी लेखात यायला हवी होती. अर्ध्या पानाच्या लेखात गणपत कृष्णाजींच्या पंचांगावर तीन परिच्छेद आहेत. एक ओळ राणोजींना निघाली असती. मी जुळारी आहे, लेड, म्हणजे ओळींमधली शिशाची पट्टी, काढून ओळ कशी बसवायची ते मला ठाऊक आहे.

आता कोणी म्हणेल, खिळे गेले, त्याबरोबर हा कोयताही गेला. तसं नाही. मी नातीला विचारलं की संगणकावर तो नसतोच काय. ती म्हणाली, असतो की. इनस्क्रिप्ट कळफलकावर इंग्रजी जे च्या कळीवर र आहे. शिफ्ट धरून तीच कळ दाबली की खाली टिंब असलेला ऱ येतो. त्यापुढे हलन्त, म्हणजे अक्षर अर्धं करणारी खूण, मग य. झाला कोयता. साधा र दाबून हलन्त आणि य दाबला तर यंत्र बिचारं रफार देणार, त्याची काय चूक? तिनं माझ्यासमोर ‘साताऱ्यात’ टाइप केलं, मी घड्याळ बघितलं नाही, पण चहाचा घोट गिळायच्या आत झालं. काडेपेटी नाही, उसनवारी नाही, वहीत नोंद नाही, कितीही वापरा, खण रिकामा होत नाही. विंडोजवर जो मंगल नावाचा टंक, म्हणजे अक्षरसंच, असतो तो आपल्या र. कृ. जोशींनी घडवलेला आहे. स्वतः सुलेखनकार आणि कवी, त्यांना जोडाक्षराची चाड होती. म्हणजे कारागिरांनी आपलं काम करून ठेवलंय. प्रश्न फक्त शिफ्ट धरण्याचा आहे.

आपल्या उपसंपादकांना मी दोष देत नाही. रात्री अकराला पान सोडायचं असतं, हे मला माहीत आहे. आमच्याकडूनही चुका व्हायच्या. एका पत्रिकेत मी ‘चि. सौ. कां.’ मधला ‘कां’ विसरलो होतो आणि वधूपित्यानं छापखान्यात येऊन जो आवाज केला तो अजून ऐकू येतो. सौभाग्यकांक्षिणीची सौभाग्यवती करून टाकली होती मी, लग्नाच्या तीन आठवडे आधी. पण ती चूक एकदाची होती. आपल्याकडे हे रोज होतंय. मी मागच्या पंधरवड्याचे अंक नातीकडून तपासून घेतले. काही पानांवर ‘साताऱ्यात’ बरोबर आहे, काही पानांवर ‘सातार्यात’. एकाच अंकात दोन्ही. म्हणजे कुणाला तरी येतंय आणि कुणाला तरी येत नाही, किंवा येऊनही कंटाळा आहे. ज्याला येतं त्याला दुसऱ्याच्या शेजारी बसवा, दहा मिनिटांचं काम आहे. आमचे मुद्रितशोधक असते तर प्रूफावर लाल शाईनं कोयता काढून समासात तीन उद्गारचिन्हं टाकली असती. ते गृहस्थ कऱ्हाडचे होते. त्यांच्या गावाचं नावच लोकांनी सोयीसाठी कराड करून टाकलं याचं दुःख त्यांना शेवटपर्यंत होतं.

तेव्हा माझ्या मागण्या दोनच. पुढच्या रविवारी पुरवणीत एक ओळ छापा की निर्णयसागरचे पंच राणोजी रावजी आरू यांनी कोरले. आणि ती ओळ साताऱ्यातून आलेल्या पत्रावरून छापली असं म्हणणार असाल, तर साताऱ्यातून हा शब्द नीट छापा.

पत्र लांबलं आहे. जागा नसेल तर कापा. आमच्याकडे नेहमी शेवटाकडून कापत येत, त्यामुळे मी महत्त्वाचं वर लिहिलंय आणि हे खालचं गेलं तरी चालेल. भंगारवाल्याची गाडी आली त्या दिवशी मी कोयत्यांचा खण खिशात रिकामा केला होता. मालकांनी बघितलं, पण काही बोलले नाहीत. तपकिरीच्या डबीत ते अजून आहेत, बारा पॉइंटाचे, एकूण सत्तावीस. कालच नातीनं मोजले. आपल्या कचेरीतल्या कुणाला हातावर घेऊन बघायचे असतील तर घरी यावं, चहा पाजेन. न्यायचे असतील तर काडेपेटी मी देईन, पण मोजून नेऊन मोजून परत करावेत.

आपला,
एक जुना जुळारी,
सातारा